लांब नाकाचं इंजिन

२८ फेब्रुवारी २०१६, रविवार

कापलं एकदाचं! खेळण्यातल्या अमेरिकन इंजिनाचं केबिन मुळापासून वेगळं केलं. लॅबमधल्या मायक्रोमोटरला, घासायच्या यंत्राला, तीच चकती होती, जिनं काल एका गुत्तेदाराच्या कवळीची कड घासली. हात ठीक चालला. 

आजवर सात इंजिनं जोडली. एका किटचं टप, दुसऱ्याची चाकं, तिसऱ्याचे दिवे. ती सगळी हौस. दाताच्या लॅबमध्ये दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडातलं करायचं, मग रविवारी हे आपलं. पहिलं किट हणमंतनंच आणून दिलं होतं, सिकंदराबादहून. "आक्का, तुझ्या हाताला बारीक काम येतंय, बघ जमतंय का." तो मालगाडीचा ड्रायव्हर, मी गाडीची खेळणी करणारी बहीण. सगळे हसायचे.

हे आठवं हौशीचं नाही. हणमंत घरी बसून आज सतरा दिवस झाले.

२९ फेब्रुवारी

झोप नीट नाही. लिहून काढते, म्हणजे डोकं जागेवर येईल.

अकरा तारखेला त्याची मालगाडी लाल सिग्नल ओलांडून साठ मीटर पुढं गेली. (त्या स्टेशनाचं नाव इथं लिहीत नाही. नकोच.) रुळावर केरबा म्हणून एक गँगमन काम करत होते. उडी मारली म्हणून वाचले, पण पाय दोन ठिकाणी मोडला. हणमंत निलंबित. चौकशी सुरू. दोष लागला तर नोकरी गेली — चोवीस वर्षांची.

हणमंतचं म्हणणं असं. इंजिन उलटं जोडलेलं होतं, लांब नाक पुढं. केबिनच्या एका बाजूची ती यंत्राची लांब पेटी; रेल्वेवाले तिला लाँग हुड म्हणतात, मी नाकच म्हणते. ड्रायव्हर मागच्या केबिनमध्ये डाव्या सीटवर. रूळ तिथं उजवीकडं वळतो. म्हणजे त्याचे डोळे आणि सिग्नल यांच्या मधोमध ते अख्खं नाक! "दिसलाच न्हाई, आक्का." आणि उजव्या सीटवर बसलेल्या असिस्टंटनं, शरणप्पानं, आवाज द्यायला पाहिजे होता. तो म्हणतो, मी दोनदा दिला. हणमंत म्हणतो, एकदापण नाही.

एकाचं खरं ठरलं की दुसरा संपला.

युनियनचे साहेब म्हणाले, "तोंडी बोलून काय उपयोग नाही. डोळ्याला दिसंल असं काही मांडा." तेव्हा हणमंत माझ्याकडं वळून बघायला लागला.

४ मार्च

जागेचा नकाशा मिळाला, चौकशीच्या कागदांत होता. माझ्या मापात खऱ्याचे सत्त्याऐंशी मीटर म्हणजे एक मीटर. लॅबमधली दोन टेबलं जोडली तर चार मीटर रूळ बसतो. पुरेल. वळण प्लास्टरमध्ये ओतलं. त्याला पाणी घेताना जीव तुटतो! दोन मग पाणी मोजून घेतलं. लॅबचे डॉक्टर म्हणाले, "गोदावरीबाई, दातांची मापं घ्यायला पाणी नाही अन् तुम्ही डोंगर बनवायलाय?"  त्यांना खरं सांगायची हिंमत नाही.

९ मार्च

लॅब आता आठवड्यातून तीनच दिवस. पाणी नाही तर दात कुठले. लातुरात टँकर आठ-दहा दिवसांनी. पाण्याच्या टाक्यांपाशी पोलीस उभे.

मला वेळच वेळ. वाईटातून हे एक बरं — असं लिहायची लाज वाटते.

१३ मार्च, रविवार

बसलं! केबिन माझ्या जुन्या एका अर्धवट किटचं, नाक आणि खालची चाकं अमेरिकन. सांधा कवळीच्या गुलाबी पावडरनं भरला. रंग द्यायचा बाकी आहे, त्यामुळं इंजिनाला हिरड्या आल्यासारखं दिसतंय.

मग चाचणी. डाव्या सीटवर ड्रायव्हरच्या डोळ्याच्या उंचीला टाचणी. तिला लाल दोरा बांधला, दुसरं टोक सिग्नलच्या खांबाला. दोरा ताणायचा. नाकाला टेकला तर सिग्नल दिसत नाही. मोकळा राहिला तर दिसतो. इतकं सोपं.

इंजिन दोन-दोन सेंटिमीटर पुढं सरकवत गेले. टेकला. टेकला. टेकला. शेवटपर्यंत टेकला!!

हणमंतला फोन केला.  त्यानं तो पार्वतीकडं दिला — त्याच्या बायकोकडं. नुसती रडत होती.

आज पोटभर जेवले.

१६ मार्च

आनंद तीन दिवस टिकला.

ईश्वरप्पा आले होते. रेल्वे इंजिनांच्या शेडमध्ये तीस वर्षं फिटर, आता रिटायर होऊन उदगीरला असतात. हणमंतनंच पाठवलं, चौकशीत साक्षीला उभे राहतील म्हणून. चहा पिता पिता आधी उदगीर जिल्हा होणार म्हणून अर्धा तास. "लातूर झालं तवा आमी तरणे व्हतो. आता आमचा नंबर!" मग चष्मा पुसून इंजिनाकडं बघितलं. गुलाबी सांध्याला हसले. मग हसायचे थांबले.

"बाई, हे नाक जाड हाय."

म्हणलं, म्हणजे?

"आपल्या इंजिनाचं येवढं न्हाई. हे परदेशी. मी तीस वर्षं त्याच्या बाजूच्या पट्टीवरून चाललोय, पाय किती मावतो ते मला म्हाईत हाय. ही पट्टी लई बारीक केली तुमी."

बरोबर होतं त्यांचं. किट बघूनच मला कळायला पाहिजे होतं. का कळलं नाही? की कळून घेतलं नाही?

जाताना म्हणाले, "नांदेडला रेणुकादास मास्तर हायत, त्यांच्याकडं आपल्या इंजिनाचं किट हाय. मापाचं. तिथलं नाक घ्या, अन् मग बोलवा. मी खोट्या नाकावर सही करणार न्हाई."

१९ मार्च

नांदेडला जाऊन आले. अहमदपूरपर्यंत उभीच. दोन्ही बाजूला शेतं भाजलेल्या पापडासारखी. बसमध्ये पुन्हा तेच — जिल्हा कुणाला मिळणार, तालुका कुठला कुठं जाणार. प्यायला पाणी नाही आणि कचेरीची भांडणं!

रेणुकादास मास्तर सत्तरीचे. गणित शिकवायचे. पलंगाखालून खोकं काढलं, माझ्यासमोर उघडलं. नाक वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. म्हणाले, "मी दहा वर्षं हे जोडतो जोडतो म्हणून राहिलो. आता डोळे गेले. घेऊन जा. फक्त एक करा — जे दिसेल तेच दाखवा."

ते सहज बोलले. त्यांना चौकशीचं काहीच माहीत नाही. मी परतीच्या बसमध्ये खोकं मांडीवर धरून बसले आणि वाटभर ते वाक्य ऐकत आले.

२० मार्च

दोन्ही नाकं शेजारी ठेवून मोजली. कवळीचं माप घ्यायच्या कॅलिपरनं. पाच वेळा.

फरक दीड मिलिमीटर. खऱ्या इंजिनावर तेरा सेंटिमीटर. तेवढंच.

२७ मार्च

जोडायला हात लावला नाही. लॅबमध्ये काम आहे असं हणमंतला सांगितलं. लॅब बंद होती.

३ एप्रिल, रविवार

आज जोडलं. मास्तरांचं नाक, माझं केबिन, अमेरिकन चाकं. सांधा इतका साफ आला की आजवर असा आला नव्हता. सुंदर झालंय. बघवत नाही.

दोरा बांधला.

टेकला. टेकला. मग वळणाच्या अलीकडं — सुटला. नाकाच्या डाव्या कडेनं मोकळा. हवेत. पुढं सरकवलं, मोकळाच. टेबलावर खडूनं खूण केली. पुन्हा टेकला तिथं दुसरी खूण. मधे सव्वा मीटर.

म्हणजे एकशे नऊ मीटर. ताशी पन्नासच्या वेगानं आठ सेकंद.

आठ सेकंद त्याला सिग्नल दिसत होता.

मी मोठ्यानं आठ मोजले. किती वेळ असतो तो! आठ सेकंदांत माणूस काय काय करू शकतो!

४ एप्रिल

टाचणी चुकली असेल म्हणून उंची बदलून बघितली. बुटका माणूस, उंच माणूस. फरक नाही.

५ एप्रिल

ईश्वरप्पांचा फोन. उचलला नाही.

६ एप्रिल

हणमंत आला होता. दारातच उभा. "झालं का आक्का?" म्हणलं, सांधा वाळला नाही. तीन दिवस झाले सांधा वाळून. माझ्या भावाशी मी आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलले, तेही त्याच्याच इंजिनावरून.

त्यानं आत येऊन बघायला पाहिजे होतं. ड्रायव्हर माणूस! आधी प्रत्येक इंजिन हातात घेऊन उलटंपालटं करायचा, हे कुठलं, ते कुठलं. आता टेबलाकडं मानसुद्धा वळवत नाही. का?

मला कळतंय का. त्याला माहीत आहे काय दिसतं ते.

८ एप्रिल, पाडवा

गुढीला पाणी शिंपडताना हात आखडला. पुरणाचा घाट नाही. श्रीखंड विकतचं.

अमेरिकन नाक डब्यात तसंच आहे. ते परत बसवायला एक दिवस पुरतो. चौकशी बावीसला. तिथं कोण कॅलिपर घेऊन बसणार? ईश्वरप्पांना बोलवायचं नाही, झालं.

हे मी लिहिलं. माझ्या अक्षरात. वाचून बघितलं तर कुणा दुसऱ्याच बाईचं वाटतंय.

१० एप्रिल, रविवार

टँकरच्या रांगेत शरणप्पा भेटला. मी चेहऱ्यानं ओळखत होते, हणमंतच्या घरी दोनदा जेवलेला. चाळिशीतला, देवणीचा. इथं रेल्वे क्वार्टरच्या मागं खोली घेऊन राहतो, दोन मुली. त्यालाही घरी बसवलंय.

मी तोंड फिरवलं. तोच पुढं आला. माझी घागर उचलून रांगेत पुढं सरकवली.

"आक्का, मी वरडलो व्हतो."

मी घागरीचा काठ पुसत राहिले.

"दोनदा. लाल म्हणलं, लाल. हणमंतसाहेब वळून माझ्याकडं बघितले. मग पुढं बघितले. अन् तसेच बसले. मला काय कळंना. मीच ब्रेकाला हात घातला शेवटी. तवर केरबामामा..."

त्यानं घागर आणखी एक पाऊल पुढं सरकवली. मग म्हणाला, "साहेब वाईट माणूस न्हाई हो. मला त्यांनीच शिकवलं सगळं. ते असं का म्हणून राहिले, एवढंच मला कळंना."

घागर भरली तेव्हा उचलून माझ्या दारापर्यंत आणून ठेवली. पाणी हिंदकळू दिलं नाही. आत ये म्हणायचं माझ्या तोंडात आलंच नाही.

१२ एप्रिल

पाण्याची गाडी आली! मिरजेहून. पहाटेच. सगळं गाव स्टेशनाकडं. हार घातले म्हणे इंजिनाला. लॅबमधली पोरं फोटो दाखवत होती — ड्रायव्हरच्या गळ्यात हार, लोक पाया पडताहेत.

पार्वती म्हणाली, हे घरातच आहेत, टीव्ही बंद करून. गाडीचा भोंगा ऐकून उठून उभे राहिले होते.

१५ एप्रिल

केरबांना बघायला गेले. हणमंतची बहीण असं सांगितलं. वाटलं शिव्या देतील. त्यांच्या बायकोनं, कोंडाबाईंनी, बसायला चटई टाकली. पाय तारांनी बांधलेला. केरबा म्हणाले, "भोंगापण वाजला न्हाई बघा. डायवरला मी दिसलो असतो तर त्यानं भोंगा तरी दिला असता का न्हाई? कोणबी देतंय."

हे माझ्या मनात आलंच नव्हतं. सिग्नल एक वेळ सुटेल. रुळावरचा माणूस?

झोप लागली असेल का? फोनवर होता का? प्यायला तर नव्हता, ते त्याच दिवशी तपासलं होतं. मग काय करत होता तो आठ सेकंद?

१७ एप्रिल

ठरलं. मास्तरांचंच नाक राहील. काळा-निळा रंग दिला. खालची पट्टी पिवळी. आता सांधा कुठाय ते मलाही सापडत नाही.

ईश्वरप्पांना फोन करून सांगितलं, नाक मापाचं आहे, पण ते आपल्या बाजूनं बोलत नाही. त्यांनी मापं विचारून घेतली. मग म्हणाले, "बरं. मी येतो तरीबी."

हणमंतला मात्र आधी मी सांगणार. चौकशीत चार लोकांसमोर त्यानं ते पहिल्यांदा बघू नये.

१९ एप्रिल

दोनदा बोलावलं. पाण्याचं कारण, पाहुण्यांचं कारण. आज स्पष्ट म्हणलं, "हणम्या, तू आला नाहीस तर मी इंजिन घेऊन तुझ्या दारात येईन." लहानपणीचं नाव. येतो म्हणाला.

काय बोलायचं ते चार वेळा घोकलं. पाचव्यांदा रडूच आलं. आई गेल्यावर ह्याला मी शाळेत सोडायला जायची. आणि आता नोकरी घालवायलाही मीच.

२१ एप्रिल, गुरुवार

दुपारी आला. टेबलावर वाकला. मी दोरा ताणून दाखवला, म्हणलं, बघ, नाकाला कुठं शिवत नाही.

"कुठला दोरा, आक्का?"

लाल दोरा. वीतभर अंतरावर. उजवीकडं नेला — "हां, ह्यो व्हय." डावीकडं आणला — "कुठं गेला?"

मग खुर्चीवर बसला. म्हणाला, कागद घे, उद्याचा जबाब लिही. पहिलं वाक्य सांगितलं: शरणप्पानं दोनदा आवाज दिला होता, मी बघितलं, मला खांबसुद्धा दिसला नाही, मला वाटलं तो बाजूच्या लाइनचा सिग्नल बघून राहिला.

दुसरं: दिवाळीपासून मला डाव्या बाजूचं दिसत नाही. मी कुणाला सांगितलं नाही.