वाकीच्या आतले तीन ठिपके

प्रिय आप्पा,

तुम्ही गेल्यापासून मी तुमच्याशी काही बोललेले नाही. दहाव्याला सगळे तुमच्याबद्दल बोलत होते, तेव्हा मी आत भांडी लावत होते. आज लिहिते आहे, कारण दुपारी वरंधच्या हौसाबाई घरी आल्या होत्या आणि मी त्यांच्याशी खोटं बोलले. म्हणजे गप्प बसले.

तुमचं दुकान बंद दिसलं म्हणून त्या विचारत विचारत घरी आल्या. पिशवीतून फडकं काढलं, गाठ सोडली आणि चांदीची वाकी माझ्यापुढे ठेवली. दंडात घालायची, मळसूत्राने बंद होणारी.

"आप्पांची लेक ना गो तू? मग सांग. ही खरी हाय का खोटी?"

मी वाकी हातात घेतली. हिच्या जोडीची दुसरी मी महिन्याभरापूर्वी मोबाइलवर पाहिली होती.

तुम्हाला हे मी कधी सांगितलं नाही. पुण्याच्या एक बाई जुने दागिने ऑनलाइन विकतात. त्यांच्याकडे विकायला आलेल्या दागिन्यांचे फोटो त्या मला पाठवतात आणि मी जुना की नवा ते कळवते. शाळेत शिकवून झाल्यावर, पोलादपूरहून येताना, एसटीत बसून. सोनाराची मुलगी म्हणून त्यांचा माझ्यावर विश्वास आहे. पण मी सोनाराची मुलगी कधी झाले? हत्यारांना तुम्ही हात लावू दिला नाहीत. "तू पुस्तकं वाच," म्हणालात. वाचली. दागिन्यांचंही पुस्तकांतून आणि व्हिडिओंतून शिकले, तुम्ही दोन गल्ल्या पलीकडे दुकानात फुंकणी फुंकत असताना. एकदा हाक मारायची होतीत!

फोटोतल्या वाकीच्या खाचा लख्ख होत्या. जुन्या चांदीच्या नक्षीत काळं बसतं आणि ऑनलाइनच्या गिऱ्हाइकाला ते काळंच हवं असतं. ही तर कालच घडवल्यासारखी. मळसूत्र नवं. आतल्या कडेला एका ओळीत तीन ठिपके, अगदी सारख्या अंतरावर. मी लिहिलं, "नवी. कारखान्याचा ठसा दिसतो आहे." चार मिनिटं लागली असतील.

मी "नवी" लिहिलं होतं. वरंधला पोचेपर्यंत त्याचं "खोटी" झालं. हौसाबाईंच्या मुलाने ती वाकी मुंबईत आटवली आणि बायकोला पैंजण करून घेतले.

"दोनातली एक पोराकडं विकायला मीच दिलेली," हौसाबाई सांगत होत्या. "आता पोरगा हसतो. सून हसते. आजीनं तुला बनवलं, म्हनतात. सासूनं मरताना आपल्या दंडातनं काढून माझ्या दंडात घातल्या गो. चाळीस वर्सं मी काय खोटं मिरवलं?"

मी वाकी खिडकीशी नेली. आतल्या कडेला तेच तीन ठिपके.

"हे कसले?"

"ते? तुझ्या बापानंच मारल्येत, माझ्यासमोर. मळसूत्र झिजलं व्हतं. भात झोडताना एकदा गळून पेंढ्यात गेली, दोन दिस धुंडली. मग आप्पांनी दोन्हींना नवीन तुकडा लावून दिला. बोलले, ठिपक्यापासनं इकडं माझं, तिकडं तुझ्या सासूचं. पुढच्या सोनाराला कळाया हवं."

मी विचारलं, इतकी स्वच्छ कशी?

"शिमग्याला घासायची नाय? काळी वाकी घालून पालखीम्होरं उभी ऱ्हाऊ व्हय?"

हे मला माहीत होतं, आप्पा. शिमग्याच्या आधी दुकानाच्या पायरीवर बायका दागिने घेऊन बसायच्या आणि तुम्ही रिठ्याचं पाणी उकळायचात. दप्तर घेऊन मी त्यांच्यामधून वाट काढायचे. फोटो बघताना यातलं काहीही आठवलं नाही. इकडे काळी चांदी अंगावर घालायची लाज वाटते, हे मला कुठल्या पुस्तकातून शिकायचं होतं?

आतून बोट फिरवलं. सासूची बाजू दंडाला घासून घासून पातळ झालेली आहे. ठिपक्यांपाशी बोट अडतं आणि पुढे तुमचा तुकडा जाड लागतो. फोटोत हे दिसत नाही. मागवली असती, तर हातात घेता आली असती. मागवली नाही.

"खरी आहे," मी म्हणाले. "जुनी आहे. दोन्ही जुन्या होत्या."

"मग खोटी बोलली ती कोण भवानी?"

मी चहा ठेवायला आत गेले.

बाहेर आले तेव्हा त्या वाकी दंडात घालून बसल्या होत्या. दंड सुकलाय, वाकी कोपरापर्यंत घसरते. चहा पिऊन म्हणाल्या, "कागदावर लिवून दे. पोराला दाखवते." मी तुमच्या दुकानाच्या कागदावर लिहून दिलं की वाकी जुनी आणि अस्सल आहे. खाली माझी सही केली. त्यांनी कागद फडक्यात बांधला आणि मला "सुखी ऱ्हा" म्हणून गेल्या.

मग भात लावला. नववीच्या वह्या तपासल्या. रडू येईल असं वाटलं होतं, पण तुम्ही गेलात तेव्हाही आलं नव्हतं.

वह्या संपल्यावर मोबाइलमधले जुने फोटो मोठे करून पाहिले. आणखी दोन दागिन्यांवर तीन ठिपके आहेत. एक गळ्यातली सरी, एक मनगटातला गोठ. दोन्हींखाली मी लिहिलेलं आहे, "नवा." ते आटवले गेले का, मला माहीत नाही. आप्पा, तुम्ही गिऱ्हाइकाला सांगितलंत, पुढच्या सोनारासाठी खूण ठेवलीत, मग घरात मला का नाही सांगितलंत? आणि मी तरी कधी विचारलं? तुमच्या शेजारी बसून किती वर्षं जेवले!

रविवारी सकाळच्या गाडीने मी वरंधला जाईन. हौसाबाईंना मुलाला फोन लावायला सांगेन आणि दोघांनाही एकदमच सांगेन, की वाकी नवी ठरवणारी मी होते आणि मुलाच्या आजीने कुणाला फसवलेलं नाही. मधेच उठवून बाहेर काढलं, तर दारात उभी राहून सांगेन. पुण्याच्या बाईंकडून सरीवाल्यांचा आणि गोठवाल्यांचा पत्ता घेऊन त्यांच्याकडेही जाईन. हे मी करीन, आप्पा.

तुमची,
सुनंदा