न थकणारं विमान

ता. ३ ऑक्टोबर
ति. सौ. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.
दादाची होडी परतली नाही हे कळल्यापासून आम्ही विमान त्याच समुद्रावर धरलंय. तू चिडवतेस तो 'भावजींचा पतंग'! आत माणूस नाही, इंधन नाही. पंखांवरच्या पट्ट्या दिवसा ऊन साठवतात, त्यावरच ते रात्र काढतं. शोधाला गेलेली बाकीची विमानं टाकी संपली की परततात. आमचं महिनोन्महिने राहील. धीर सोडू नकोस. आईला जप.
तुझा,
धाकटा दीर

ता. ७ ऑक्टोबर
प्रिय भावजींस,
अनेक आशीर्वाद.
तुमच्या पतंगाला पुन्हा हसले तर बघा! सासूबाई त्याच्याच भरवशावर दोन घास खातात. गच्चीत जाऊन आभाळात बघत बसतात. इतक्या उंचावरचं दिसत नाही, हे सांगून मी थकले. हे आले की आधी कडकडून भांडणार आहे. वरच्या खोऱ्यात पूर आलाय, माणसं छपरांवर बसलीत म्हणे. विमान तिकडे नेणार नाहीत ना? जीव टांगणीला लागलाय.
लोभ आहे तसाच राहू द्या.
वहिनी

ता. ११ ऑक्टोबर
ति. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.
विमान समुद्रावरच आहे. साहेब पुराकडे न्यायचं म्हणत होते, मी हातापाया पडलो. माझाच भाऊ, म्हणून म्हणाले, तू सांगशील तेव्हा वळवू. कालच्या फोटोंत विशेष काही नाही. शोध चालूच राहील. मी वेळेवर जेवतो, काळजी नसावी.
तुझा,
धाकटा दीर

ता. १४ ऑक्टोबर
प्रिय भावजींस,
अनेक आशीर्वाद.
माझ्या लग्नापासून तुमच्या प्रत्येक पत्रात 'सौ. वहिनी' असते. या खेपेला नुसती वहिनी आहे. तुम्ही मुद्दाम गाळलं नसणार. मनाला कळलेलं हाताने लिहून टाकलं. होडी उपडी दिसली असेल. मी विचारत नाही. काल पोटभर रडून घेतलं.
तुमच्या विमानालाही टाकी असती, तर ती संपताच ते आपणहून परतलं असतं आणि कुणालाच तोंड उघडावं लागलं नसतं. तुमच्याने बोलवणार नाही, म्हणून मी बोलते. छपरांवरची माणसं अजून जिवंत आहेत, भावजी. विमान तिकडे वळवा. सासूबाईंना मी सांगेन, तो भार तुम्ही घेऊ नका.
तुमचा लोभ आहेच. आता ह्यांच्या वाटचाही तुम्हीच करा.
वहिनी