हार्ग्रोव्ह घराण्याची त्रेचाळीस खोकी

बुसैतीन, बहरीन
१४ नोव्हेंबर २०२४

प्रिय नाझिश,

सलाम. पाकीट बघून घाबरू नकोस, इकडे सगळे ठीक आहेत. लाईबाची परीक्षा झाली, तुझ्या भाभीचा गुडघा आता बरा आहे. दर शुक्रवारी आपण फोनवर बोलतोच, पण तेव्हा अम्मी तुझ्या शेजारी बसलेली असते, आणि हे मला तुझ्या एकटीशी बोलायचंय. शिवाय बोलताना माझं वाक्य अर्ध्यावर राहतं, हे तुला ठाऊक आहे. लिहिताना निदान मध्येच थांबता येतं.

दीड महिन्यापूर्वी अमवाजच्या एका व्हिलाचं सामान बांधायचं काम आमच्या कंपनीकडे आलं. जॉबशीटवर नाव होतं हार्ग्रोव्ह. मी सुपरवायझरला म्हटलं, हे मला द्या, कागदांचं काम आहे, इंग्रजी यादी मला नीट जमते. ते खोटं नव्हतं. आपले अब्बा ज्यांच्याकडे अकरा वर्षं ड्रायव्हर होते तेच हे हार्ग्रोव्ह, एवढं मात्र मी सांगितलं नाही.

अमेरिकेतलं मोठं घराणं आहे. एक भाऊ तिकडे गव्हर्नर झाला, दुसरा, वॉल्टर, तेलाच्या कामावर इथे आला तो इथेच राहिला. तिकडे त्यांच्या नावाचं कॉलेजसुद्धा आहे. आता इथे फक्त वॉल्टरसाहेबांचा मुलगा रॉबर्ट उरलाय, बासष्ट वर्षांचा. तो व्हिला विकून मुलीकडे चाललाय आणि घराण्याची सगळी पत्रं, डायऱ्या, कागद त्याने तिकडच्या एका युनिव्हर्सिटीला दिलेत. युनिव्हर्सिटीने लीना नावाची एक मुलगी पाठवली. आईवडील मूळचे केरळचे, ही तिकडेच वाढलेली. स्वभावाने चांगली, कामात काटेकोर.

त्रेचाळीस खोकी निघाली. मीना सलमान बंदरातल्या गोडाऊनमध्ये एक एसीची खोली रिकामी करून आम्ही दोघं तिथे चार आठवडे बसलो. प्रत्येक कागदाला नंबर, तारीख, कोणाचा, कोणाला. नाझिश, या लोकांनी काय काय ठेवलंय. नाताळच्या जेवणाची यादी, कुत्र्याच्या इंजेक्शनचं कार्ड, मुलाने पहिलीत काढलेली होडी. काही फेकलंच नाही. आपल्याकडे अब्बांचं काय आहे? पासपोर्टची झेरॉक्स आणि अर्धा चेहरा सावलीत गेलेला तो एक फोटो. त्यांची पत्रं पोटमाळ्यावर वाळवीने खाल्ली. कबरही इथेच. इथे आल्यावर पहिल्या आठवड्यात मी शोधून काढली होती, पण दगडावर नाव नाही, तेव्हा तीच ती, हे मी कोणाच्या तरी सांगण्यावरून मानतो.

सव्विसाव्या खोक्यात हार्ग्रोव्हबाईंची पत्रं होती. बाई आपल्या बहिणीला दर आठवड्याला लिहायच्या आणि कार्बनची प्रत ठेवायच्या. एप्रिल १९८९च्या एका पत्रात अब्बांबद्दल असं आहे: 'उबेद ईदसाठी घरी जायला सुट्टी मागत होता. दोनदा येऊन गेला. पण ९ मेला वॉल्टरचा भाऊ येतोय, ड्रायव्हरशिवाय कसं चालेल, म्हणून मी त्याला नंतर जा म्हटलं. त्याने मुकाट्याने ऐकलं.' मी त्यावर नंबर घातला. पुढचा कागद १८ मेचा. 'मंगळवारी आपला उबेद गेला. गाडी पुसताना खाली बसला तो उठलाच नाही. बिचारा. वॉल्टर आठवडाभर टॅक्सीने ऑफिसला जातोय.' त्यावरही नंबर घातला.

काय वाटलं असं विचारशील. काही वाटलं नाही. त्या दिवशी मी एकशे चाळीस कागदांची यादी केली, रोजच्यापेक्षा जास्त. घरी येऊन मासे साफ केले. लाईबाने विचारलं, "बाबा, आर यू ओके?" मी म्हटलं, हो. दुसऱ्या दिवशी कुठे लक्षात आलं की अब्बांनी दोनदा सुट्टी मागितली होती. त्यांना काम प्यारं, घर नाही, असं अम्मी म्हणायची आणि आपणही तेच धरून बसलो होतो.

चौथ्या दिवशी घरखर्चाच्या कागदांची फाइल आली. त्यात लाँड्रीच्या चिठ्ठ्यांमध्ये एक निळं एअरोग्राम होतं, कडा चिकटवलेलं घडीचं पत्र. उबेद दळवी, केअर ऑफ हार्ग्रोव्ह. पत्ता माझ्या अक्षरात, नववीतल्या. उघडलेलं नव्हतं. अब्बा गेल्यानंतर आलं असणार, कोणाला द्यायचं ते कळलं नसेल, आणि त्या घरात काही फेकायची रीत नव्हती.

लीना म्हणाली, हे उघडून फोटो काढावा लागेल, यादीतली वस्तू आता युनिव्हर्सिटीची आहे, करारावर सही झालीय. नोकरमाणसांची पत्रं कुठेच टिकत नाहीत, म्हणून तर हे मोलाचं, असंही ती म्हणाली. तिचं चुकत नव्हतं. ती कातर शोधायला लागली तेव्हा मी पत्रावर हात ठेवला.

"हे उघडायचं नाही," मी म्हटलं. "हे माझ्या वडिलांचं आहे."

तिने रॉबर्टला फोन लावला.

तो दुसऱ्या दिवशी सकाळी आला. चष्मा लावून पत्र उलटसुलट पाहिलं. मग म्हणाला, "उबेदनेच मला गाडी शिकवली. क्लच सोडताना पाय कापायचा तेव्हा माझ्या गुडघ्यावर हात ठेवायचा." तू पहिल्याच दिवशी का बोलला नाहीस, असं त्याने विचारलं. आईने सुट्टी नाकारल्याचं त्याला माहीत नसावं. मीही सांगितलं नाही. ते कागद आता तिकडे जातीलच, वाचेल कोणीतरी.

लीना कराराबद्दल बोलायला लागली तसं त्याने तिला थांबवलं. "हे आमचं कधीच नव्हतं," तो म्हणाला. "आमच्याकडून फक्त द्यायचं राहून गेलं." लीनाने यादीतला तो नंबर खोडला, पुढे 'वारसाला परत' असं लिहिलं आणि माझी सही घेतली. मी पुढचं खोकं उघडलं. परवा सगळी खोकी जहाजावर चढली.

नाझिश, ते पत्र तुझं आहे. त्या ईदला अब्बा आले नाहीत म्हणून दुसऱ्या दिवशी तू लिहिलेलं. अकरा वर्षांची होतीस. पत्ता घालायला माझ्याकडे आणलंस, आणि पोस्टाकडे जाताना मला सांगितलंस, आत लिहिलंय की तुम्ही मेलात तरी चालेल, आता येऊच नका. मी हसलो होतो. नवव्या दिवशी तार आली. त्यानंतर तू कधी कोणाला पत्र लिहिलं नाहीस. अब्बांचं नाव निघालं की काहीतरी काम काढून आत जातेस. पस्तीस वर्षं मी ते बघतोय आणि बोललो नाही. तू विसरली असशील असं धरून चालणं मला सोयीचं होतं. मागे मनामाच्या पोस्टाचा शिक्का आहे, २३ मेचा. अब्बा १६ तारखेला गेले. कडांचा डिंक जसाच्या तसा आहे, तूच बोट फिरवून बघ. पत्र सोबत पाठवतोय. मी ते उघडलेलं नाही. तुला उघडायचं असेल तर उघड, जाळायचं असेल तर जाळ. अब्बांनी ते वाचलं नाही, नाझिश. तू त्यांना तसं काहीच म्हणाली नाहीस.

तुझाच भाई,
ताहिर