शेजारच्या दातावरचा लाल ठिपका

अप्पा,

तुमचा ठिपका चुकला होता. फार नाही, एकाच दातानं. पण टायमिंग बेल्टमध्ये एक दात म्हणजे काय, हे तुम्हीच मला शिकवलंय, त्यामुळे 'फार नाही' हेसुद्धा मी तुमचा मुलाहिजा ठेवूनच म्हणतेय. मुखेडच्या चाचांची पांढरी छोटी गाडी आठवते ना, बांगड्यांचे खोके घेऊन बाजार करणारी? ती परवा माझ्या लातूरच्या गॅरेजात आली. तुमच्यानंतर तिचं इंजिन कुणी उघडलंच नव्हतं. मी पुढचं झाकण काढलं तर वरच्या चाकावर तुमचा लाल ठिपका. मला आधी आनंदच झाला, भर बाजारात माहेरचं माणूस दिसावं तसा. मग मी कंपनीची खूण शोधली. मग चिंधीनं चाक पुसून पुन्हा शोधली. ती शेजारच्या दातावर होती. तुम्ही समोर असतात तर मी कडाकडा भांडले असते. तुम्ही नाही, म्हणून लिहितेय.

त्या लाल ठिपक्याची खरी हकिकत तुम्ही कधी कुणाला सांगितली नाहीत. मी सासर सोडून नांदेडला परत आले तेव्हा आई रडून रडून थकली, शेजारणी विचारून विचारून थकल्या, आणि तुम्ही रोजच्यासारखे डबा घेऊन गॅरेजला जात राहिलात. मला वाटायचं, यांना काहीच वाटत नाही. सासरहून आणलेल्या चार वस्तूंत एक नेलपॉलिशची बाटली होती, एकदोनदाच उघडलेली. ती खिडकीत कंगव्याशेजारी पडून असायची. एका सकाळी भांग पाडता पाडता तुम्ही ती उचलून उजेडात धरलीत. "हे तू लावत न्हाईस का?" मी नाही म्हणाले. "मंग वाळून चाललं की. दे मला." बाटली शर्टाच्या खिशात घातलीत, चपला पायात सरकवल्या आणि दारातून म्हणालात, "चल. तू बी घरात वाळून चाललीस." आईनं पाठीमागून काहीतरी बडबड केली. पोरगी गॅरेजात, लोक काय म्हणतील, वगैरे. तुम्ही तोवर स्कूटरला किक मारली होती.

बाकीचे मिस्त्री चाकावर खडूनं खूण करायचे, ती तेलानं पुसली जायची. कुणी पांढरा रंग लावायचे, तो पोपडे धरायचा. तुमचं नेलपॉलिश मात्र पक्कं बसायचं. खालच्या चाकाला एक ठिपका, वरच्याला एक, आणि इंजिनावर त्यांच्यासमोर एकेक. आसपासच्या गॅरेजांनी लई चेष्टा केली तुमची. "उस्ताद, आमच्या मंडळींची नखं कधी रंगवून देता?" असं येता-जाता कुणीतरी विचारायचं, आणि तुम्ही मान वर न करता म्हणायचात, "आधी गाडी तर आणा." बाटली संपली की तुम्ही मला नवी आणायला सांगायचात, तोच लाल रंग, आणि दुकानदार मला म्हणायचा, ताई, फारच लवकर संपवता तुम्ही. अप्पा, त्या दिवसांत मी हसायचे ती एवढ्याच गोष्टीला.

मला बेल्ट समजावून सांगितलात तो दिवस अजून डोळ्यांपुढे आहे. तुम्ही दातेरी पट्टा बोटांवर ताणून धरलाय आणि सांगताय, "हे खालचं चाक दोन फेरे घेतंय तवर वरचं एकच घेतंय. पर दोघांची गाठ ह्या पट्ट्यानं बांधलेली हाय. दोघं कसे चालले पायजेत, तर नवरा-बायकोवा..." आणि थांबताय. पान्यानं उगाच एक नट आवळताय, जो आधीच आवळलेला आहे. मग म्हणताय, "भजनात टाळ आन् मृदंग असतेत, तसे." मी ते अर्धं वाक्य ऐकलंच नाही असं दाखवलं. तुमच्याइतकं मला कुणी सांभाळलं नाही, अप्पा, आणि हे तुम्हाला मी एकदाही म्हणाले नाही.

पुढे मी स्वतः पहिला बेल्ट बसवला आणि हुरूपानं सरळ चावीला हात घातला. तुम्ही चावीच काढून घेतलीत. "इंजिन आधी हातानं फिरवायचं. पुरं दोन फेरे. ठिपका परत ठिपक्यासमोर आला, की मंग चावी." मी म्हणाले, बघितलंय मी नीट. तुम्ही म्हणालात, "तू बघितलंस. इंजिनानं कुटं बघितलंय आजून?" मग तुम्ही इंजिन सुरू करून डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट जरासा ढिला केलात, आणि डिस्ट्रिब्युटर केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवत ठिणगी पडायची वेळ धरलीत. इतर लोक त्यासाठी टायमिंग लाइट लावतात. तुम्ही डोळे मिटायचात. इंजिनाचा आवाज एका जागी येऊन गोड झाला, की मान हलायची आणि बोल्ट आवळला जायचा. मी आजही लाइट लावते, अप्पा. तुमचा कान माझ्याकडे आला नाही.

तुमचे दोन नियम मात्र आले. एक हातांचा. घरी आल्यावर मोरीत बसून आधी रॉकेल, मग लाकडाचा भुसा, मग साबण, आणि शेवटी जुन्या ब्रशनं नखं. आई चुलीपाशी भाकरी थापत बसलेली असायची, पिठलं निवून चाललेलं असायचं, मला भुकेनं काही सुचायचं नाही, आणि तुम्ही माझी बोटं उजेडात धरून बघायचात. एकदा मी तशीच ताटावर बसले तर ताट उचलून बाजूला ठेवलंत. "नखात ग्रीस घेऊन जेवायचं न्हाई. अन्न हाय ते." आवाज चढवला नाहीत, पण मला तो अजून लागतो. आणि दुसरा नियम गिऱ्हाइकाचा. नायगावचा एक जीपवाला तावातावानं भांडायला आला होता, त्याच्या इंजिनातून तेल गळत होतं. तुम्ही खाली वाकून बघितलंत आणि त्याच्या तोंडावर म्हणालात, "माझ्याच हातानं चुकलं. खोलतो परत." त्याला भांडायला काही उरलंच नाही, चहा पिऊन बसला बिचारा. नंतर तुम्ही मला म्हणालात, "गाडीचं चुकलं तर गाडीचं म्हणायचं, आपलं चुकलं तर आपलं. गिऱ्हाइकाला बनवायचं न्हाई."

तुमची नजर नेमकी कधी गेली, हे मला सांगता येत नाही. शुगर होती, गोळ्या होत्या, चष्मा बदलून झाला होता. तुम्ही हाक मारायचात, "बघ गं माय, ठिपका ठिपक्याला लागला का?" आणि मला वाटायचं, माझी परीक्षा घेताय. मी ऐटीत येऊन बघायचे आणि लागला म्हणायचे. वर्षभर तरी मी तुमचे डोळे होते आणि ते मला माहीतच नव्हतं.

चाचांची गाडी तुम्ही केलीत त्या दिवशी माझी लातूरला कोर्टात सोडचिठ्ठीची तारीख होती. मी सकाळच्या एसटीनं निघाले होते. चाचांना दुसऱ्या दिवशी मुखेडचा बाजार गाठायचा होता. त्यांच्या गाडीचा बेल्ट आपण आधी कधी बदललेला नव्हता, म्हणजे त्या चाकावर आपला जुना ठिपका नव्हता, तुम्हाला नवा लावायचा होता. कंपनीची खूण म्हणजे धातूतली बारीकशी खाच. ती तुम्ही बोटानं चाचपली असणार. बोट एक दात अलीकडे थांबलं, आणि तिथं तुम्ही पॉलिश लावलंत. पुढचं सगळं तुम्ही अगदी रीतसर केलंत, हे मला बघताच कळलं. ठिपका ठिपक्यासमोर बसवलात, बेल्ट नेमका ताणलात, हातानं दोन फेरे दिलेत, आणि ठिपका परत ठिपक्यासमोर आला. तो येणारच होता. मग आवाज काही बरोबर लागेना, म्हणून तुम्ही डोळे मिटून डिस्ट्रिब्युटर फिरवत नेलात, फिरवत नेलात, बोल्ट त्याच्या लांबट फटीच्या पार टोकाला जाईपर्यंत. तिथं आवाज गोड झाला. तुमच्या कानानं तुमच्या डोळ्यांचं झाकून घेतलं, अप्पा. कसं वाटलं असेल तुम्हाला, बोल्ट इतका टोकाला गेलेला हाताला लागला तेव्हा? कळलं होतं का? मी हेच तेवढं तुम्हाला विचारू शकत नाही, आणि विचारायचं मात्र एवढंच आहे. त्या पावसाळ्यातच तुम्ही गेलात.

परवा चाचा आले ते आता पुरते म्हातारे झालेत. हाताला काठी आहे. नांदेडला आपल्या गॅरेजच्या जागी मोबाइलचं दुकान झालंय, तिथं विचारत विचारत त्यांनी मला लातुरात शोधून काढलं. नातीला गाडी शिकायची आहे म्हणाले. मी आधी त्यांना शेजारी बसवून चक्कर मारून आणली. सपाटीला गाडी बरी चालते, पण पुलाच्या चढावर तिचा दम निघतो. मी विचारलं, चाचा, हे कधीपासून? ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आदतच हाय बेटी तिची. उमर झाली." मग त्यांनी अंगणात खुर्ची टाकून घेतली आणि मी गाडी उघडली.

काम सांगायला सोपं आहे. जुना बेल्ट काढला, खऱ्या खाचेवर चाक आणलं, नवा बेल्ट बसवला, हातानं फेरे दिले, डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट फटीच्या मधोमध आणून लाइट लावून टायमिंग धरलं. पण त्याच्याआधी तुमचा ठिपका होता. तो मला ठेवायचा होता. शेजारी माझा लावून दोन्ही ठेवू, असंही मनात आलं. पण एका चाकावर दोन ठिपके ठेवले, तर उद्या जो कुणी हे झाकण उघडेल तो फसेल, आणि पुन्हा एखादी गाडी चढावर धापा टाकेल. तुम्ही मला तसं करू दिलं नसतं. मी पेट्रोलचा बोळा फिरवला, तो निघाला नाही. इतक्या वर्षांच्या तेलात आणि उष्णतेतही घट्ट बसून होता. शेवटी मी तो नखानं खरवडून काढला. तुमच्या हातचं शेवटचं काम होतं ते, आणि माझ्याच हातानं ते मी पुसलं. मला त्या बोनटमध्ये डोकं घालून रडता आलं एवढं बरं झालं, कारण बाहेरून काम चाललंय असंच दिसत होतं.

संध्याकाळी चाचांनी स्वतः गाडी पुलावर नेली. परत आले ते खाली न उतरता, स्टिअरिंगवर हात ठेवूनच बसले. मग विचारलं, "काय हुतं बेटी?"

मी म्हणाले, "बेल्ट जुना झाला होता चाचा. ताणून एक दात घसरला होता."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. बांगड्या विकण्यात आयुष्य गेलेला माणूस, हाताकडे बघून माप सांगणारा, त्याला कोण फसवणार? पण म्हणाले, "हां. बेल्टच असंल." आणि मग, जणू दुसरंच काही सांगतायत तसे, "गाडी दिली त्या दिवशी उस्तादनं मला फाटकातून परत बोलावलं. म्हणले, चालवून बघा, कशी वाटायलीय? मी चक्कर मारून आलो. चढाला ओढत नव्हती बेटी. पर उस्ताद बोनटवर हात ठेवून हुबे हुते, आन् माझ्याकडं बघत हुते का माझ्या मागं, ते बी समजंना. मी म्हणलो, फूल झाली उस्ताद, फूल." तुम्ही हसलात, असं ते म्हणाले. पुढं गाडी चालवली तोवर ते बाजाराला अर्धेच खोके नेत होते. चढ आला की काही उतरवून ठेवायचे आणि माघारी येऊन दुसऱ्या खेपेला न्यायचे. दुसऱ्या मिस्त्रीला का नाही दाखवली, असं मी विचारलं तर म्हणाले, "त्यानं खोलली असती, आन् उस्तादला नावं ठेवली असती. कशापायी?"

म्हणजे तुमच्यापायी त्यांनी गिऱ्हाईक असून मिस्त्रीला बनवलं, आणि मी मिस्त्री असून गिऱ्हाइकाला. तुमचा नियम आम्ही दोघांनी मिळून मोडला, आणि दोघांनाही ते माहीत होतं, आणि चाचा जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून गेले. तुम्हाला राग यायचा असेल तर येऊ द्या. तुम्हाला थोडा आला तर मला बरंच वाटेल.

हे लिहून मी कुठं टाकणार आहे? नांदेडच्या पत्त्यावर आता मोबाइल विकतात. हत्यारांच्या डब्याखाली ठेवीन आणि ग्रीस पुसायला कागद लागला की एक दिवस हाही वापरला जाईल. एकच राहिलं सांगायचं. खरवडलं तेव्हाचा लाल कण माझ्या उजव्या हाताच्या नखात आत रुतून बसलाय. तुमचा ब्रश अजून माझ्या मोरीत असतो, दुसरा कुठला मी वापरत नाही. पण परवापासून मी तो त्या नखाला लावलेला नाही, अप्पा. डाव्या हातानं चमचा धरून जेवतेय.