आत्याच्या पोस्टरमधला हात

३ मार्च

प्रिय दादा,

पाकीट बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. आत्याचा गुडघा दुखतो, पण ती जिने चढायचं सोडत नाही आणि कुरकुरायचंही सोडत नाही. माझं काम बरं चाललंय. समोरची इमारत रंगवायला काढलीये. परांचीवरची माणसं दिवसभर माझ्या स्क्रीनमध्ये डोकावतात आणि माना हलवून मतं देतात.

फोनवर का नाही सांगितलंस, म्हणशील. फोनवर मी मुद्द्याशी आले की तू ‘बरं, बाकी काय?’ म्हणतोस, आणि सुटले म्हणून मीही बाकीचं सांगत बसते. म्हणून पत्र.

आत्याला स्टेजवर गायला लागून यंदा चाळीस वर्षं झाली. जुन्या सभागृहाच्या मॅनेजरबाईंनी मे महिन्यात तिचा मोठा कार्यक्रम ठरवलाय आणि पोस्टर माझ्याकडे दिलंय. त्यांना एक फोटो नकोय. चाळीस वर्षांतले फोटो एकमेकांत मिसळून केलेलं एक चित्र हवंय. आत्याची अट वेगळीच. म्हणाली, “स्टुडिओत हनुवटीखाली हात ठेवून काढलेला एकही फोटो घ्यायचा नाही. गात नसताना माझं तोंड मलाच ओळखू येत नाही.”

आणि गातानाचे फोटो म्हणजे ताप! अर्धी हनुवटी माईकने खाल्लेली, डोळे मिटलेले, एक गाल दिव्यांनी लाल आणि दुसरा निळा. तीनशेतून सात निवडले. सगळ्यांचे रंग एका सुरात आणायला चार दिवस गेले, नुसते फोटोतले केस कडेकडेने कापून काढायला दोन. तिचे केस तुला माहीत आहेत, एकेक बट वेगळ्या गावाला निघालेली.

मधोमध कुठला फोटो घ्यायचा याबद्दल मात्र प्रश्नच नव्हता. बंदराजवळच्या मैदानातला कार्यक्रम आठवतो? वाऱ्याने पडदा उडाला होता तो? त्यात ती डावीकडे वळून अशी खळखळून हसतेय, की बघणाऱ्यालाही हसू यावं. फक्त तिचा हात शेजारी अ‍ॅकॉर्डियन वाजवणाऱ्या तुझ्या खांद्यावर आहे.

मी तुला कापलं, दादा. अ‍ॅकॉर्डियनसकट. या घरात अकरा वर्षं तुझा विषय निघाला की तो कापायचा, हेच चाललंय. हाताला वळण पडलंय. पण तिचा हात मागे राहिला, अधांतरी. त्यात माईकचा स्टँड दिला, तर आत्या छत्री धरून उभी असल्यासारखी दिसली. दुसऱ्या फोटोतला हात आणून जोडला, तर रस्त्यावरची वाहतूक थांबवतेय असं वाटायला लागलं. परांचीवरच्या रंगाऱ्यानेसुद्धा बोटाने ‘नाही, नाही’ केलं.

त्याच दुपारी आत्या धापा टाकत वर आली. खुर्ची ओढली, चष्मा लावला. तिशीतल्या स्वतःकडे बघून म्हणाली, “ही बरी होती.” पन्नाशीतलीकडे बघून म्हणाली, “ही जास्त बरी गायची.” मग तिचं बोट मधल्या फोटोवर थांबलं.

“हा हात कुठे ठेवलाय मी?”

“दादाच्या खांद्यावर होता.”

“मग त्याला का काढलंस?”

“तुला नको असेल म्हणून.”

“मला? अगं, त्यालाच मी नको होते. जायच्या आधी स्वतःचं नाव पोस्टरवरून काढायला लावलं त्याने!”

दादा, इथपर्यंत चार पानं लिहून फाडली आहेत. आता एका दमात लिहून टाकते.

ते नाव तिने काढलं नव्हतं. तूही नाही. मी काढलं.

तेव्हा छापखान्यात माझी पहिली नोकरी होती. दौऱ्याचं पोस्टर तयार होतं; आत्याच्या शेजारी तुझा फोटो, खाली तुझं नाव. आत्याने ते पाहून पसंत केलं होतं. नंतर आयोजकांनी दोन तारखा वाढवल्या. जागा करायला मी तुझा फोटो आणि नाव थोडा वेळ दिसेनासं केलं. तारखा बसवल्या. आणि तुला परत आणायचं विसरले. बस, एवढंच. तसंच छापून भिंतींवर लागलं.

दौऱ्याच्या पहिल्या कार्यक्रमाआधी तू आत्याला विचारलंस, “पोस्टर तू पाहून दिलं होतंस ना?” ती म्हणाली, “हो, मग?” तिच्या डोळ्यांसमोर आधीचं पोस्टर होतं. मी पडद्यामागे वायरी उलगडत होते. ऐकलं. तोंड उघडायला हवं होतं. नोकरी जाईल याची भीती होती, हे खरं. पण त्याहून जास्त तुझ्या चेहऱ्याची वाटली. तू कार्यक्रम पुरा वाजवलास आणि सकाळी निघून गेलास. तू गेल्यावर भिंतीवरचं पोस्टर पाहून आत्याने ठरवलं, की जायचं म्हणून तूच नाव काढायला लावलंस. ज्याने त्याने आपापल्या मनाने गोष्ट पुरी केली, आणि मी दोघांनाही करू दिली. आज सांगेन, उद्या सांगेन, करता करता अकरा वर्षं.

आत्याला सगळं सांगितलं. तिने आधी टेबलावर इतक्या जोराने थाप मारली की माउस खाली पडला. मला जे बोलली ते लिहीत नाही, तू हसशील. मग खुर्चीत मागे रेलली, चष्मा काढला आणि डोळे चोळले. मला वाटलं, रडतेय. तर म्हणाली, “म्हणजे पोरगं मला टाकून गेलं नव्हतं तर.” आणि असा श्वास सोडला, दादा, की इतकी वर्षं तो आत धरून ठेवला होता की काय!

तुला फोन करू का, विचारलं. म्हणाली, “मी नाही करणार. घाण तू केलीस, तू निस्तर.”

निस्तरतेय. माफी मागायला तोंड नाही, तरी मागते. रागाव, ओरड, पण ‘बरं, बाकी काय?’ म्हणू नकोस.

बारकी

२२ मार्च

प्रिय दादा,

तू येऊन गेलास त्याला दोन दिवस झाले. आत्यासाठी तू दोन गाणी वाजवलीस, तिच्याशी तीन तास बोललास आणि माझ्याशी मोजून दोन वाक्यं. तुझा हक्क आहे तो. पत्र मिळाल्यावर तू फोनवर म्हणालास, “बारके, तू ठार गाढव आहेस.” त्यानंतर मी भाजी चिरत बसले आणि चिरता चिरता हसत होते. अकरा वर्षांत कुणी इतकं बरोबर बोललं नव्हतं.

तू दारात उभा राहिलास तेव्हा मी स्वयंपाकघरात लपले होते, हे तुझ्या लक्षात आलं असेलच. आत्या म्हणाली, “केवढा सुटलास!” तू म्हणालास, “तूही काही कमी नाहीस.” मग मी डोकावले तर ती तुझ्या शर्टाची कॉलर सरळ करत होती. सरळच होती ती.

तू गेल्यावर काय झालं ते सांगायला हवं. दिवे न लावता ती खिडकीशी बसून राहिली. जेवायला हाक मारली, तर म्हणाली, “दुसऱ्या गाण्यात तो अजून घाई करतो.” तक्रार होती, पण आवाज असा, जणू कुणी तिला बक्षीस दिलंय. जेवताना दोनदा वाढून घेतलं. मला अजून पूर्ण माफ केलेलं नाही. मीठ मागायचं झालं तरी भिंतीकडे बघून मागते. चालेल मला.

पोस्टरमध्ये तुला परत आणलंय. पंचवीस वर्षांचा, बारीक, कपाळावर केस आलेले. हाताला काहीच करावं लागलं नाही. मॅनेजरबाई म्हणाल्या, “आता कुठे त्या हसतायत कशाला ते कळलं.” रंगाऱ्यांचं काम संपून परांची उतरली, नाहीतर त्यांनाही दाखवलं असतं.

नमुना सोबत आहे. तुझं नाव चार वेळा तपासलंय, तरी तू बघ. मगच छापायला देईन.

शनिवारी मेच्या कार्यक्रमाच्या सरावाला येशील तेव्हा जाताना थोडा थांब. बसस्टॉपपर्यंत मी बरोबर येईन. बोललास तर बोल. नाही बोललास तरी चालत येईन.

तुझीच,
ठार गाढव