आठवा प्लग

१७ ऑगस्ट, रविवार दुपार

ताईस,

नमस्कार. तुझं पत्र गुरुवारी मिळालं. हे उत्तर मुद्दाम उद्या सकाळच्या बसवाल्याच्या हाती तुझ्या शिवणाच्या दुकानावर पाठवतोय, घरी नाही. वाचून झालं की तिथेच फाडून टाक. ही बरी आहे, तुझी सारखी विचारपूस करते. गॅरेज तीन आठवडे बंदच आहे.

तू विचारलंस, इतकी वर्षं हेच काम करतोस आणि बॉनेटला टेकू द्यायची एक दांडी तुला नीट लावता येऊ नये?

सांगतो. दाजींची ती जुनी गाडी तुला ठाऊकच आहे. इंजिन आठ सिलिंडरचं आणि जागा सहाचीसुद्धा नाही. पुढचे प्लग सरळ हाताला लागतात. आठवा पार मागे, स्टिअरिंगचा दांडा आणि मागचा पत्रा यांच्या बेचक्यात. तो दिसतच नाही. मडगार्डवर पोट टेकून आडवं व्हायचं, हात खांद्यापर्यंत आत घालायचा आणि बोटांनी चाचपत पाना बसवायचा. सात प्लग मी तासाभरात बदलले. आठवा गंजून घट्ट बसला होता. जोर केला की वरची चिनीमाती फुटते, आटे जातात, मग अख्खं इंजिन उतरवावं लागतं. म्हणून तेल सोडून ते मुरायची वाट बघत होतो.

दाजींना संध्याकाळी गाडी मित्रांना दाखवायची होती. स्टुलावरून उठले.

“एक प्लग निघेना तुझ्याच्याने? हो बाजूला.” बाही सारली आणि हात आत घातला.

“जोर नका लावू दाजी, मोडेल.”

“मोडू दे की. काही जण मोडल्याशिवाय सरळ होत नाहीत. तुझ्या बहिणीचं बोट मोडलं, तेव्हापासून बघ, कशी गपगुमान असते.” आणि हात बाहेर काढून मडगार्डच्या कडेवर टेकवत हसले. एखादा किस्सा सांगावा तसे.

ताई, तू मला लिहिलं होतंस की बोट दारात सापडलं.

दांडी सटकली नाही. मी काढली.

त्या बॉनेटचं वजन तुला सांगून कळणार नाही, जुना जाड पत्रा आहे. ते खाली आलं आणि त्याचा हात मडगार्डच्या कडेवर सापडला. वाळकी फांदी तुटावी तसा आवाज आला. तो किंचाळला. मी बॉनेट उचललं. सोडवायला उचललं, असं मी तीन आठवडे स्वतःला सांगतोय. पण त्याने हात ओढून घ्यायच्या आत मी सगळं अंग टाकून ते परत दाबलं. मग पुन्हा एकदा. रक्त मडगार्डवरून चाकावर ओघळत होतं. तो “सोड रे, सोड” म्हणत होता आणि मला बरं वाटत होतं, ताई. खोटं लिहीत नाही. मला खूप बरं वाटत होतं.

मागे दारात ही चहा घेऊन उभी होती.

मी म्हटलं, “दांडी सटकली.”

ती म्हणाली, “तीनदा?”

तिनेच टॉवेल गुंडाळला, तिनेच त्याला रिक्षात घातलं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तो स्वतःच म्हणाला, बॉनेट पडलं. मला वाटलं, लाजेने म्हणतोय. डॉक्टर वळल्यावर त्याने मला जवळ बोलावलं. “तू तोंड उघड, मग तिचं काय करतो ते बघ.” दोन बोटं काढली, हाडात पट्टी घातली. मी तोंड उघडलं नाही.

बुधवारी भिंतीवरचं कॅलेंडर काढायला मी हात वर केला. शेजारी उभी असलेली ही चटकन मागे सरकली आणि तिने डोळे मिटून घेतले. मी तिला आजवर बोटही लावलेलं नाही. कॅलेंडर मी तसंच राहू दिलं.

आणि गुरुवारी तुझं पत्र. सगळं पत्रभर त्याचं औषधपाणी, आणि खाली कोपऱ्यात एक ओळ: उजवा हात गेला म्हणून राग कमी झालेला नाही.

आज सकाळी पोलीस ठाण्यात जाऊन सगळं सांगून आलो. मी केलं ते, आणि तुझ्या बोटाबद्दल त्याने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं तेही. हवालदाराला आधी खरंच वाटेना. साहेबांनी जबाब घेतला, सही घेतली. उद्या हजर व्हायचंय. पुढचं ते ठरवतील.

ही मंगळवारी दहाच्या सुमारास दुकानात येईल. तुला कुणाला विचारायची, काही गोळा करायची गरज नाही. आहेस तशी तिच्याबरोबर नीघ. आतली खोली तिने रिकामी केली आहे. कडी आतून लागते.

एक राहिलंय. दोन वर्षांपूर्वी तू पिशवी घेऊन आली होतीस. गळ्याला ओढणी घट्ट गुंडाळली होतीस, इतक्या उकाड्यात. मी काही विचारलं नाही. “संसारात थोडं इकडेतिकडे व्हायचंच, सांभाळून घे,” म्हणालो आणि मीच तुला बसमध्ये बसवून आलो. खिडकीतून तू माझ्याकडे बघत होतीस आणि मी ड्रायव्हरशी गाडीच्या आवाजाबद्दल बोलत होतो.

हे पोलिसांनी विचारलं नाही. म्हणून तुलाच लिहून देतोय.

खाली सही करतो,

तुझा धाकटा