तीन पायांची ढबू

आई, आज मी शाळेत जाऊन आलो. हसू नकोस. कान धरायला तू नव्हतीस, माझ्या पायांनी गेलो. इथे कुवेतला, महबूल्यात, भाजीच्या दुकानात आहे मी. दोन वर्षांतलं हे तिसरं काम, माझ्या पायाची भिंगरी तुला ठाऊकच आहे. पण आजचं तुला सांगितल्याशिवाय चैन पडेना.

काल जवळच्या बालवाडीच्या बाई आल्या. आयर्लंडच्या, तोंडभर तांबूस ठिपके. एकेक ढबू मिरची उलटी करून बघत होत्या. आमचा केरळचा मॅनेजर वैतागला, "मॅडम, सब सेम है!" बाई म्हणतात, सेम नाही. त्यांच्या देशात मार्चमध्ये सण असतो, तेव्हा माणसं तीन पाकळ्यांचं हिरवं पान छातीवर लावतात. मुलं चार वर्षांची, कात्री धरता येत नाही, म्हणून ढबू आडवी कापून रंगात बुडवायची आणि कागदावर ठसा उठवायचा. पण बुडाला तीनच उंचवटे पाहिजेत, चार आले की पान चुकलं. वीस हव्या होत्या, सापडल्या होत्या दोन.

आणि माझा हात आपोआप क्रेटमध्ये गेला. आठवड्याच्या बाजारात तू चार पायांची ढबू पुढं मांडायचीस, गिऱ्हाइकाला ती भरदार दिसते म्हणून. तीन पायांची मागं. मी मिसळून टाकली की ओरडायचीस, "डोळं कशाला फाडतोस, अंगठ्याला इचार!" तसंच केलं. न बघता बुडावरून अंगठा फिरवायचा. तीन, घे. चार, सोड. पाच मिनिटांत पिशवी भरली. मॅनेजर म्हणतो, "अरे, आदमी है या मशीन?" बाईंनी टाळ्याच वाजवल्या, म्हणाल्या, "या दोन मी नेते. बाकीच्या उद्या तूच घेऊन ये."

आज त्या दाराबाहेरच मी थांबलो. चौथीत सुटलेली शाळा, त्यानंतर शाळेचा एकही उंबरा ओलांडला नव्हता. पिशवी ठेवून सटकणारच होतो. पण आत रडारड चाललेली. कालच्या दोन मिरच्यांनी सुरुवात केली होती आणि ठसे उठतच नव्हते, नुसती हिरवी डबकी. एक आपल्याकडची पोर, आईबाप पुण्याचे, कागद धरून उभी. मी विचारलं, "काय झालं गं?" तर म्हणते, "अंकल, माय लीफ इज क्राइंग."

तेव्हा तुझी कपड्यांची नीळ आठवली. भेंडी कापून, निळीत बुडवून मी भिंतीवर फुलं उठवली होती. पहिली सगळी ओघळली. मग कळलं, कापलेली भाजी पाणी सोडते, ते आधी टिपायचं. मी शर्टाला टिपलं. भिंतीपेक्षा शर्टासाठी जास्त मारलंस तू. आणि दिवाळीला सगळी भिंत चुन्यानं रंगवलीस, फुलांचा कोपरा तेवढा सोडलास.

मी फरशीवर मांडी घातली. ढबू आडव्या कापून बिया काढल्या, प्रत्येकीचं कापलेलं तोंड कागदानं कोरडं केलं. दाब, एक-दोन मोज, उचल. उठलं, आई! तीन पाकळ्या, कडा अशी स्वच्छ! खाली बोटानं देठ ओढला. मग सगळी पोरं अंगावरच आली. पुण्याच्या पोरीला म्हटलं, "अंगठ्याला इचार." ती दिवसभर मिरच्यांना अंगठा लावत ओरडत होती, "इचार! इचार!" तुझा शब्द, तुझ्याच ठसक्यात. पुढच्या आठवड्यात पुठ्ठ्याला दोरे ताणून बाईंच्या देशातलं तारांचं वाद्य करायचंय. बाईंनी विचारलं, येशील? मॅनेजरला न विचारताच मी हो म्हणून बसलो.

हे एका ठशाच्या पाठीमागं लिहितोय, रंग या बाजूला फुटलाय. पाठवायचं कुठं? तू गेलीस तिथं टपाल जात नाही. गादीखाली ठेवतो. एक तेवढं राहिलंय. भेंडीच्या दिवशी तू विचारलंस, लवकर कसा आलास, आणि मी म्हटलं, गुरुजींनी सोडलं. कुणी सोडलं नव्हतं. मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि मी पळून आलो होतो.

आज पण घंटा झाली. मी बसून राहिलो.